उजेड मागणारं बी

कॅक्टसचं बी मातीत पुरायचं नसतं. ओलसर मातीवर ते नुसतं टाकायचं, फार तर वरून थोडी बारीक खडी भुरभुरवायची आणि हात मागे घ्यायचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. बी म्हणजे अंधार, वर माती, आणि एके दिवशी ती बाजूला सारून आलेला कोंब, हे चित्र मनात इतकं पक्कं असतं की दिव्याखाली उघड्यावर पडलेलं बी पाहून कुणीतरी पेरणी अर्धवट सोडून उठलंय असं वाटतं. मला मात्र या उघडेपणाचीच गोडी आहे. टरफल तडकतं, पांढरं मूळ बाहेर येतं, वळतं, मातीत शिरतं, आणि मग हिरवा ठिपका उभा राहतो. बाकी बहुतेक बियांचं हे सगळं मातीआड होतं. इथे भिंग घेऊन बसलं की दिसतं.

अर्थात आपल्याला दिसावं म्हणून काही ते बी वर ठेवत नाहीत. बऱ्याच कॅक्टसच्या बिया उजेड मिळाल्याशिवाय रुजतच नाहीत. आणि इथेच एक गैरसमज हमखास होतो. उजेड म्हटलं की आपण अन्नाचा विचार करतो. पण रुजण्याआधी बी उजेडातून काही कमावत नसतं. त्याची शिदोरी आईकडून आलेली आणि टरफलाच्या आत बांधलेली असते. उजेडाकडून त्याला हवी असते ती फक्त एक बातमी: मी किती खोल आहे?

मॅमिलॅरिया किंवा पॅरोडिया अशा छोट्या कॅक्टसचं बी हातात घेऊन पाहिलं की या प्रश्नाची निकड कळते. एक मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. एवढ्याशा बियात साठा तो किती असणार? दोन-तीन सेंटिमीटर मातीखाली ते रुजलं तर वर पोचण्याआधीच साठा संपेल. सूर्यप्रकाश मातीत काही मिलिमीटरच शिरतो, त्यापुढे काळोख. त्यामुळे ज्या बियाला उजेड जाणवला ते पृष्ठभागाच्या आवाक्यात आहे. ज्याला नाही जाणवला, त्याने वारा, पाणी किंवा एखादा प्राणी माती उकरेपर्यंत थांबलेलं बरं. मोठ्या बियांना ही चौकशी करायची तेवढी गरज नसते. ओपन्शियाचं, म्हणजे फड्या निवडुंगाच्या गोतातलं, चांगलं चार-पाच मिलिमीटरचं हाडासारखं कठीण बी उजेडाबद्दल बरंच बेफिकीर असतं. त्याची अडचण वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

बी उजेड ओळखतं कसं, याचा शोध कॅक्टसवर लागला नाही. तो लागला लेट्यूसवर. अमेरिकेत मेरीलंड राज्यातल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या ओल्या बियांवर तांबड्या प्रकाशाचा झोत टाकला, की त्या रुजत. त्यानंतर तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद प्रकाश टाकला, की रुजणं थांबे. पुन्हा तांबडा, पुन्हा गडद, असं कितीही वेळा आलटून पालटून केलं तरी शेवटचा झोत कोणता होता तेवढंच बी लक्षात ठेवी. हा निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला. ज्या रंगद्रव्यामुळे हे घडतं त्याचा माग १९५९ मध्ये त्याच केंद्रात लागला आणि त्याला फायटोक्रोम हे नाव मिळालं. साधारण ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश त्याला जागं करतो, ७३० च्या आसपासचा गडद तांबडा त्याला पुन्हा निजवतो.

यातली खरी चतुराई बाहेर रानात दिसते. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि गडद तांबडा खाली जाऊ देतं. म्हणजे दाट पानांच्या खाली उजेड असतो, पण तो छाननी झालेला असतो. बियाला खोली तर कळतेच, वर डोक्यावर कुणी बसलंय का हेही कळतं. डोळे नसलेल्या, एक मिलिमीटरच्या, महिनोन् महिने कोरड्या पडून राहिलेल्या वस्तूला हे कळावं याचं मला दरवेळी नव्याने नवल वाटतं, आणि ते कमी होऊ नये अशी इच्छाही आहे.

१९५९ सालीच स्टॅन्ली ॲल्कॉर्न आणि एडविन कर्ट्झ यांनी सग्वारोच्या बियांवर काम करून दाखवलं की या बियाही उजेड मागतात, आणि २५ अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम रुजतात. सग्वारो म्हणजे तो चित्रपटांतला, हात वर करून उभा असलेला उंच कॅक्टस, दीडशे वर्षं सहज जगणारा. त्याचं बी मात्र टाचणीच्या डोक्याएवढं.

इतपत वाचून कुणी नियम करायला घेईल, तर थांबावं. मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यात सापोटिट्लानचं खोरं आहे, कॅक्टसप्रेमींच्या दृष्टीने फार श्रीमंत. तिथल्या सात जातींच्या बियांवरचा मारियाना रोहास-आरेचिगा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९७ मध्ये आला. त्यात पिंपासारख्या गोल कॅक्टसच्या, म्हणजे एकिनोकॅक्टस आणि फेरोकॅक्टसच्या जातींना रुजायला उजेड लागला. खांबासारख्या उंच जाती मात्र उजेडात आणि अंधारात सारख्याच रुजल्या. किती सुबक विभागणी! गोल असेल तर उजेड हवा, उंच असेल तर चालेल तसं. पण सग्वारो खांबासारखाच आहे आणि तो उजेड मागतो. झाडाची ठेवण, बियांचा आकार, बी पिकत असताना आईच्या अंगावर किती ऊन होतं, ते कुठल्या मातीत पडणार, या सगळ्यांची खिचडी आहे ती. मला हा गोंधळ आवडतो, कारण तो प्रत्येक जातीकडे स्वतंत्रपणे बघायला लावतो.

आता तापमान. इथे आलेख सगळीकडे जवळपास एकाच घाटाचा निघतो. दहा अंशांना बहुतेक जाती ढिम्म, पंधराला एखाद-दुसरं बी आळोखेपिळोखे देतं, वीस ते तीस अंशांच्या पट्ट्यात धांदल, पस्तीसच्या पुढे उतार, आणि चाळीसला पुन्हा शांतता. ॲस्ट्रोफायटम या कॅक्टसच्या टोपीसारख्या मोठ्या बिया ऐन उबेत दोन-तीन दिवसांत उघडतात. तेच तापमान थोडं उतरलं की आठवडा-दोन आठवडे घेतात. पाकिटावर ‘२५ अंश’ असं छापलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच.

मात्र त्या आकड्याकडे पाककृतीतल्या मापासारखं पाहू नये. पंचवीस अंश हे प्रयोगशाळेतल्या कपाटाचं तापमान आहे. असं चोवीस तास पंचवीसवर बसून राहिलेलं वाळवंट पृथ्वीवर कुठेही नाही. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोराच्या वाळवंटात उन्हाळ्यात उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो आणि रात्री तीच जमीन उष्णता आकाशाला देऊन मोकळी होते. या फरकालाही अर्थ आहे: दिवस-रात्रीचा चढउतार पृष्ठभागापाशी सर्वांत मोठा आणि खाली जावं तसा मंदावत जाणारा. म्हणजे तापमानाच्या हेलकाव्यावरूनही खोली समजू शकते. बऱ्याच कॅक्टस जाती एकसारख्या तापमानातही छान रुजतात, हेलकाव्याचा हट्ट धरत नाहीत, हेही प्रयोगांत दिसलंय. तरी मी स्वतः दिवसा तीस आणि रात्री वीसच्या आसपास ठेवतो. त्यात विज्ञान किती आणि बियाला ओळखीचं काही द्यावं अशी माझी भाबडी इच्छा किती, ते सोडून देऊ.

शिवाय कोरडं बी आणि ओलं बी हे उष्णतेच्या बाबतीत दोन वेगळे प्राणी आहेत. कोरडं बी तापलेल्या जमिनीवर आठवडेच्या आठवडे पडून राहील आणि त्याचं फारसं बिघडणार नाही. पाणी प्यायलेलं बी मात्र जागं झालेलं असतं. त्याच्या आतली यंत्रणा चालू झालेली असते, आणि मग पंचेचाळीस अंशही त्याला मारायला पुरेसे होतात. काचेचं झाकण घातलेली कुंडी थेट उन्हात ठेवली तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि बिया तिथल्या तिथे शिजतात. उजेड हवा आणि ऊन नको, हे वाक्य ऐकायला विसंगत वाटतं, पण पेरणीचं अर्धं तंत्र त्यातच आहे. म्हणूनच दिव्याखालची पेरणी सोपी पडते. एलईडी पट्टी भरपूर उजेड देते, उष्णता बेतानेच, आणि दिवसाचे बारा-चौदा तास ती न रुसता जळते.

तापमानाचं खरं काम मला कळलं ते सग्वारोच्या वेळापत्रकामुळे. सोनोराच्या ॲरिझोनाकडच्या भागात पाऊस वर्षातून दोनदा येतो. एक हिवाळ्यात, पॅसिफिकवरून येणारा, संथ, लांबत जाणारा. दुसरा जुलै ते सप्टेंबरमधला, गडगडाटी, अचानक कोसळणारा. पाणी दोन्ही वेळा मिळतं, आणि उजेडही. मग बियाने रुजावं कधी? हिवाळ्यात रुजलेल्या इवल्याशा रोपावर पाठोपाठ थंडीची लाट येणार, आणि त्यानंतर वसंतातला लांबलचक कोरडा काळ. उन्हाळी पावसात रुजलं तर निदान काही आठवडे ऊब आणि ओल एकत्र मिळते. दोन पावसांतला फरक बियाला फक्त तापमान सांगू शकतं. उबदार ओल म्हणजे हो, थंड ओल म्हणजे अजून नाही. आलेखात पंधरा अंशांच्या खाली दिसणारी ती सपाट रेषा मी पूर्वी ‘थंडीत रुजत नाही’ अशी वाचायचो. ती हिवाळी पावसाला दिलेला नकार आहे, असं आता वाचतो.

सग्वारोची फळं जूनमध्ये पिकतात, पावसाच्या अगदी तोंडावर. एकेका फळात दोन हजारांच्या आसपास बिया. तिथले मूळ रहिवासी टोहोनो ओओधम लोक याच सुमारास लांब काठ्यांनी ती फळं काढतात, त्यांपासून मद्य करतात आणि पावसाला बोलावण्याचा विधी करतात. पक्षी, मुंग्या, उंदीर यांनी बहुतेक बिया फस्त केलेल्या असतात. उरलेल्यांपैकी पुढच्या वर्षापर्यंत मातीत टिकणाऱ्या फारशा नसतात. म्हणजे या झाडाने सगळी भिस्त त्याच वर्षीच्या पावसावर ठेवलेली आहे.

सगळ्यांचं कॅलेंडर असं नसतं. बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या अँडीज पर्वतात उंचावर वाढणाऱ्या रिब्यूशियासारख्या जाती पेरणारे लोक त्यांना जरा गारव्यात ठेवतात. तिशीतल्या तापमानाचा त्यांना जाच होतो. आणि अमेरिकेतल्या युटा-कोलोरॅडोच्या पठारांवरचे स्क्लेरोकॅक्टस व पेडिओकॅक्टस तर उलटंच मागतात. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. त्यांच्या बियांना आधी ओली थंडी अंगावर घ्यायची असते, आठवडेच्या आठवडे, कधी महिने. त्याशिवाय वसंत आला यावर त्यांचा विश्वास बसत नाही. काही जण टरफल घासून किंवा टोकाशी किंचित कापून वाट काढतात. धीर असेल तर कुंडी सरळ हिवाळाभर बाहेर ठेवतात. हे दुसरं मला जास्त पटतं.

इथवर मी उजेड आणि तापमान दोन वेगळ्या परिच्छेदांत मांडले. संशोधनातही ते बरीच वर्षं दोन वेगळ्या रकान्यांत राहत असत. २०१६ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की फायटोक्रोम-बी हा उजेड ओळखणारा रेणू तापमानही ओळखतो. काम झालं ते ॲरॅबिडॉप्सिसवर, मोहरीच्या कुळातल्या प्रयोगशाळांच्या लाडक्या रोपावर. उजेडाने जागा झालेला फायटोक्रोम अंधारात आपोआप पुन्हा निजतो हे आधीच माहीत होतं. तो निजण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो. म्हणजे उबदार रात्र आणि गार रात्र यांतला फरक त्याच रेणूच्या हिशेबात उतरतो. हे वाचल्यापासून बियाला ‘आधी उजेड, मग तापमान’ अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात ही कल्पना मी सोडली. प्रश्न एकच आहे: मी आत्ता, इथे, जगू शकेन का? उजेड, ऊब, ओल ही त्याच्या उत्तराची एकमेकांत मिसळलेली अंगं.

ओलीबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती सुंदर आहे. जोसेफ दुब्रोव्स्की यांनी १९९६ मध्ये सोनोरातल्या कॅक्टस बियांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. बिया भिजवल्या, रुजण्याआधीच वाळवल्या, पुन्हा भिजवल्या. दुसऱ्या खेपेला त्या अधिक झपाट्याने रुजल्या. पहिल्या भिजण्यात जे काही पुढे सरकलं होतं ते वाळण्यात पुसलं गेलं नव्हतं. वाळवंटात हुलकावणी देणारा पाऊस नेहमीचाच. त्या हुलकावण्याही बी जमेस धरतं.

आणि मग रुजतं. इथे या कहाणीतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट सुरू होते. ज्या उजेडाची बियाने इतकी वाट पाहिली, तोच उजेड रोपाचा काळ ठरतो. रोप म्हणजे पाण्याने भरलेला, ज्वारीच्या दाण्याहून लहान हिरवा गोळा. काटे अजून नाहीत, मूळ नावापुरतं. ६० अंशांच्या जमिनीला चिकटलेला. उघड्यावर रुजलेल्या सग्वारोंपैकी जवळजवळ कुणीच वाचत नाही. वाचतात ती पॅलो व्हर्डे, मेस्कीट, आयर्नवुड यांच्या सावलीत पडलेली. अशा झाडांना तिकडे दाईझाडं म्हणतात. मेक्सिकोच्या तेवाकान खोऱ्यात आल्फोन्सो व्हालिएंते-बानुएत आणि एक्सेकिएल एस्कुर्रा यांनी १९९१ मध्ये हेच निओबक्सबाउमिया टेटेट्झो या उंच कॅक्टसबद्दल मांडलं. मिमोसाच्या झुडपाखाली त्याची रोपं आढळतात यामागचं कारण मुख्यतः सावली. पुढे कॅक्टस वाढतो, त्याची मुळं पसरतात, आणि पुष्कळदा दाईझाडच आधी सुकतं. पॅलो व्हर्डेच्या वाळक्या सांगाड्यातून वर आलेल्या सग्वारोची छायाचित्रं मी बराच वेळ बघत बसतो. कृतघ्न वगैरे म्हणायचा मोह होतो. तो शब्द झाडांना लागू नाही, तरी होतो.

म्हणजे बियाने मागायचा उजेड आणि रोपाने मागायची सावली. जागा अशी हवी की जिथे बी पृष्ठभागावर आहे, उजेड पोचतो, पण पानांनी पूर्ण गाळलेला नाही, आणि दुपारचं ऊन मात्र अडलेलं आहे. विरळ पानांची, बारीक पर्णिकांची झुडपं ही जागा देतात. पेरणीच्या डब्यात आपण नकळत तेच करत असतो: पारदर्शक झाकण, मऊ दिवा, स्थिर ऊब. रोपांना उजेड जास्त झाला की ती सांगतात. हिरवी रोपं तांबूस, मग गडद किरमिजी होतात. ही बीटालेन नावाची रंगद्रव्यं, बिटाला रंग देणाऱ्यांच्याच घराण्यातली. अशा वेळी दिवा वितभर वर न्यायचा. उलट उजेड कमी पडला तर ती लांबुडकी, फिकट होऊन दिव्याकडे झुकतात, आणि ती लांबण नंतर कधी भरून येत नाही. तांबूसपणा उतरतो, म्हणून चूक करायचीच तर थोड्या जास्त उजेडाकडे केलेली बरी.

झाकण कधी काढायचं यावर पेरणारे लोक तावातावाने भांडतात. बंद बरणीत महिनोन् महिने ठेवण्याची एक पद्धत आहे, फ्लायशर यांच्या नावाने ओळखली जाणारी. तिच्यात माती, पाणी, भांडं आणि बी सगळं निर्जंतुक करावं लागतं, कारण ऊब आणि ओल बुरशीलाही तितकीच आवडते. मी पहिले काटे स्पष्ट दिसू लागले की झाकण थोडं थोडं कलतं करतो.

राहिली ओपन्शिया आणि तिच्यासारखी हट्टी मंडळी. तिच्या बीभोवतीचं ते कठीण कवच पाणीही सावकाश आत घेतं, आणि ताजं बी बहुधा रुजत नाही. काळ जावा लागतो. एकाच फळातल्या बिया वेगवेगळ्या वर्षी उठतात. १९६६ मध्ये डॅन कोहेन यांनी गणिताने दाखवलं होतं की पावसाचा भरवसा नसलेल्या जागी सगळ्या बिया एकाच वर्षी रुजणं वाळवंटी वनस्पतीला परवडत नाही. एक वाईट वर्ष आलं की वंशच संपेल. म्हणून मला ‘रुजण्याची टक्केवारी’ हा शब्द थोडा खटकतो. चाळीस टक्के रुजल्या म्हणजे साठ टक्के नापास, असं त्यात गृहीत असतं. न रुजलेल्यांपैकी काही मेलेल्या असतात हे खरं. फ्रेलियाच्या बिया तर फार लवकर निकामी होतात, त्या ताज्याच पेराव्यात. पण बाकीच्या कुंड्या मी टाकत नाही. पाणी बंद करून त्या तशाच वाळू देतो, थंडीचे महिने एका बाजूला ठेवतो, आणि ऊब परतली की पुन्हा भिजवतो. आधी उठलेल्या रोपांना तोवर काटे आलेले असतात. उशिरा उठलेलं रोप त्यांच्या शेजारी नेमकं थोड्या सावलीत सापडतं.